इंजनापुढची बाज

माझ्या धाकट्या बहिणीचं पत्र आलं की घरात सगळ्यांना आनंद व्हायचा आणि माझ्या पोटात दुखायचं. आता या वयात खोटं कशाला बोलू? ती बंगळुरात उपग्रहांच्या कामावर इंजिनियर, आणि मी पाटोद्यात किराणा दुकानदाराची बायको, सातवी पास. पोस्टमन तिचं पत्र दुकानातच द्यायचा, आणि आमचे मालक ते फोडायच्या आधी चार गिऱ्हाइकांना पाकीट दाखवायचे. "मेहुणीचं हाय," म्हणायचे. बायकोला त्यांनी असं कधी कुणाला दाखवलं नाही.

त्या वर्षी जूनमध्ये माझ्या मुलीचा दहावीचा निकाल लागला. चांगला लागला. आठच दिवसांत बहिणीचं पत्र आलं. "अक्का, पोरीला अकरावीला माझ्याकडं ठेव. इंग्रजी पहिले सहा महिने जड जाईल, मग जमेल. मी पंधरा दिवसांत रजेवर येतेय, परत निघताना तिला घेऊनच जाते." पोरीनं हे पत्र दुकानात उभं राहून मोठ्यानं वाचलं. तेल घ्यायला आलेल्या बाया टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या.

"न्हाई," मी म्हणाले.

"कावून, आई?"

"कावून म्हणजे? न्हाई म्हणलं ना."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. मालक म्हणाले, "अगं, पण विचार तर कर." मी म्हणाले, विचार केलाय, पंचवीस वर्षं तोच करतेय. त्यांना काही कळलं नाही, आणि मी फोडून सांगितलं नाही. मनात एवढंच होतं, की हिनं माझं एकदा नेलंय. आता पोटची पोर नेणार. आणि पोरगी तरी काय, सकाळ-संध्याकाळ मावशी, मावशी. मावशीसारखे केस, मावशीसारखं अक्षर. आईसारखं काही करावं असं तिला कधी वाटलं नव्हतं.

माझं काय नेलं होतं, ते आता सांगते.

आमचे आबा, म्हणजे वडील, विहिरींचे सुरुंग उडवायचे. पाटोद्याच्या आसपासच्या गावांत विहीर खोदायची म्हणजे तीन-चार परस, म्हणजे तितक्याच माणसांच्या उंचीएवढं खोल गेलं की काळा खडक लागायचाच. मग आबांना बोलावणं. पहारीनं खडकात भोकं पाडायची, दारू ठासायची, वात लावायची, आणि तीन वेळा ओरडायचं, "सुरुंग हाय होऽऽ!" माणसं, गुरं लांब पळायची. विहिरीच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या असायच्या, तरी दगड उडायचेच. त्या दगडांचं काही सांगता यायचं नाही. चिंचोक्याएवढा दगड लांबच्या लिंबाच्या खोडात रुतलेला मी पाहिलाय. त्या सुरुंगांनीच आबांचे कान गेले. चाळिशीतच त्यांना ओरडून सांगावं लागायचं.

सगळ्यात मोठी काळजी असायची इंजनाची. विहिरीत पाझर लागला की पाणी उपसायला काठावर डिझेलचं इंजन बसवलेलं असायचं. दर सुरुंगाला ते उचलून कोण नेणार? ते जागेवरच झाकायचं. हे झाकायचं काम आम्हा दोघी बहिणींकडं. मी बारा-तेरा वर्षांची, ती नऊची. आईनं शिवलेल्या दोन जाड गोधड्या इंजनाला गुंडाळायच्या, वरून पत्रे लावायचे, आणि काथ्यानं करकचून आवळायचे. आबांचा एकच नियम होता, जितकं घट्ट तितकं चांगलं. नुसता त्यांचाच नव्हे, सगळ्याच सुरुंगवाल्यांचा तो नियम. आणि तो चूक होता, हे तेव्हा कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. दगड पत्र्यावर बसायचा, पत्रा आत दबायचा, आणि तो दबलेला पत्राच गोधडीसकट इंजनावर आदळायचा. एकदा असंच डिझेलची तांब्याची नळी तुटली. आबा म्हणाले, "ढिलं बांधलं असंल पोरींनी." पुढच्या वेळी आम्ही आणखी आवळलं, तर चाकाच्या कडेचा तुकडाच उडाला. विहिरीच्या मालकानं आबांना सांगितलं, आता इंजनाला काही झालं तर दुसरा सुरुंगवाला बघतो. म्हणजे आमची चूल बंद.

आणि नेमक्या त्याच्या पुढच्या सुरुंगाला मी कंटाळा केला.

आळशीच होते मी, मान्य आहे. बांधावरच्या बोरी पिकल्या होत्या, काथ्यानं बोटं सोलली होती, आणि बरोबरच्या पोरी बोरं वेचायला पुढं गेल्या होत्या. राखणीची एक बाज तिथं पडली होती, बाभळीच्या लाकडाची, जड. ती मी ओढत आणली, इंजन आणि विहीर यांच्यामध्ये आडवी उभी केली, मागून दोन दगडांचा टेका दिला, आणि तिच्यावर पत्रा अडकवला. इंजनावर गोधडी नुसती टाकली. बांधलं काहीच नाही. बाज आणि इंजन यांच्यात हातभर जागा मोकळी राहिली, कारण बाज त्याहून जवळ सरकेना. धाकटी म्हणाली, "अक्का, आबा मारतील." मी म्हणाले, "तू गप बस, चल."

सुरुंग उडाला. चांगला मोठा दगड आला, मुलाच्या डोक्याएवढा. बाजेची एक माचवी, म्हणजे पायच, मोडली, पत्रा पार वाकला. आबा लांबूनच ओरडत आले. "कुनी केलं हे? बांधलं कावून न्हाई?"

माझ्या तोंडात बोराचं बी होतं. मी ते गिळलं आणि म्हणाले, "तिनं."

आबांनी धाकटीच्या कानाखाली लावली. अशी लावली की ती दोन पावलं मागं गेली. ती माझ्याकडं बघत राहिली, रडली नाही, आणि बोललीही नाही. मग आबांनी गोधडी उचलली. इंजनावर ओरखडासुद्धा नव्हता. आबा खाली बसले. इंजनाकडं बघितलं, मोडलेल्या बाजेकडं बघितलं, मधल्या हातभर जागेत हात घालून बघितला. मग उठून आमच्याजवळ आले आणि पुन्हा विचारलं, "खरं सांगा. ही बाज कुनी लावली?"

मला वाटलं, आता माझी पाळी. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी राहिले. तीही गप्प. आबांनी थोडा वेळ वाट बघितली. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "डोकं हाय पोरीला."

झालं. तिथून पुढं तिचं डोकं आणि माझे हात. आबा इंजनापुढं कायम बाज नाहीतर बांबूची ताटी लावायला लागले, आणि गावोगाव सांगायला लागले की ही माझ्या धाकटीची युक्ती. त्या वर्षी माझी सातवी झाली, गावातली शाळा संपली, आणि मला घरी बसवलं. तीन वर्षांनी तिची सातवी झाली तेव्हा तिला बीडला वसतिगृहात घातलं. तिथं विज्ञानाच्या प्रदर्शनात तिनं काय मांडलं असेल? पत्रा, मोकळी जागा, मागं मातीचं इंजन. पहिला नंबर. बक्षिसाची पितळी ढाल घेऊन घरी आली तेव्हा मी भाकरी थापत होते. माझ्या हाताला चटका बसला, आणि सगळ्यांना वाटलं चुलीनं बसला.

बोलायची तर सोय नव्हती. काय म्हणणार होते मी? की मी खोटं बोलले, माझ्यावरचा मार तिच्यावर ढकलला, आणि तो मार नसून शाबासकी निघाली, तर आता ती मला परत द्या? स्वतःच्या तोंडानं दिलेली वस्तू. तिच्यावर जळायचं, आणि मूळ आपणच घातलं हेही माहीत असायचं. असं जळणं लवकर विझत नाही, बाई. माझं लग्न झालं, पोरगी झाली, तरी चालूच होतं.

तर ती रजेवर आली. खांद्याला पिशवी, सुती साडी, पायांत पुरुषांसारखे बूट. आबा तेव्हा आमच्याकडंच राहायचे. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ती ओरडली, "आबा, तुमचंच काम करतेय हो मी तिथं!" आणि पिशवीतून दोन पाट्या काढल्या. हलक्या, अॅल्युमिनियमच्या. एक ताटाच्या पत्र्याएवढी पातळ, तिला मधोमध अंगठा जाईल एवढं गोल भोक. दुसरी जाड, तिच्यावर देवी आल्यासारखे बारीक बारीक व्रण, पण आरपार एकही नाही.

तिनं समजावलं ते मला पहिल्या दमात कळलं, याचाच मला राग आला. आभाळात जुन्या रॉकेटांचे तुकडे, खिळे, रंगाच्या खपल्या फिरत असतात. त्यांचा वेग इतका, की इथून निघालेला तुकडा पाच सेकंदांत बीडच्या पुढं. उपग्रहाची इंधनाची टाकी, बॅटरी, तारा, यांच्यावर मोहरीएवढा कण जरी बसला तरी कारभार आटोपला. जाड पत्रा लावावा तर वजन वाढतं, आणि वर न्यायचं म्हणजे वजनाचा तर मोठा घोर. म्हणून एक पातळ पत्रा पुढं लावायचा, मग मोकळी जागा, मग खरी भिंत. कण पुढच्या पत्र्याला लागतो आणि स्वतःच फुटतो, त्याचा भुगा होतो, तो भुगा मोकळ्या जागेत पसरतो, आणि भिंतीवर नुसता शिंतोडा बसतो. तिच्या गटाचं काम हेच, कोणत्या भागापुढं किती अंतर सोडायचं ते ठरवायचं. लांब नळीतून छर्रे मारून बघतात. या पाट्या अशाच मारलेल्या.

"कधीकधी मधी कापडाचे थर पण घालतात," ती म्हणाली. "लई चिवट कापड असतं."

"गोधडी," मी म्हणाले.

"व्हय अक्का, गोधडीच." आणि हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पोरगी त्या भोकात बोट घालून बसली होती. "मावशी, मग हा पुढचा पत्रा वायाच जातो का?"

"तो फुटायलाच असतो. मागचं वाचावं म्हणून."

मी भांडी घासायला उठले. मला वाटलं, हा पुढचा पत्रा म्हणजे मी. मी घरी बसले, आईच्या आजारपणात मी राबले, पाणी मी भरलं, सतराव्या वर्षी पाटोद्यात मी आले, आणि मागची पाटी बंगळुरात चकाकतेय. आणि आता ती म्हणतेय, पोरगी पण दे. पोरगी दाराशी येऊन उभी राहिली. ती काही विचारायच्या आत मीच घासणी आपटून म्हणाले, "न्हाई म्हणून सांगितलंय."

दोन दिवसांनी मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या. मुलींसमोर बहिणीनं काहीतरी बोलावं, अशी विनंती केली. ती म्हणाली, "बोलून काय कळतंय, करूनच दाखवते. पण अक्का पाहिजे. गोफण अक्काच चालवील."

आता हे मात्र खरं होतं. जोंधळ्याच्या राखणीला माझ्या गोफणीसारखा नेम पंचक्रोशीत कुणाला नव्हता. धाकटीची गोफण पुढं सोडली तर धोंडा मागं जायचा. मी नको म्हणायला हवं होतं. पण शंभर पोरींसमोर तिला जे येत नाही ते मला येतं, हे दाखवायची संधी कोण सोडील? मी कपाटावरची गोफण काढली. वीस वर्षांत हात लावला नव्हता. सकाळी परसात दोन-चार फेकून बघितले, हात विसरला नव्हता.

शाळेच्या मैदानात तिनं स्टुलावर मडकं ठेवलं. तेलाच्या डब्याचा पत्रा उलगडून तो बांबूच्या चौकटीला ठोकून आणला होता. सगळ्या पोरी माझ्या मागं, दोरीच्या पलीकडं. त्या बाबतीत ती भलतीच कडक, मोठ्या बाईंनाही हाताला धरून मागं नेलं. आमचे मालक दुकान बंद करून आले होते. आबांना खुर्ची दिली होती. माझी पोरगी अगदी पुढं, दोरीला चिकटून.

पहिल्यांदा तिनं चौकट मडक्याला अगदी टेकवून लावली. मला लिंबाएवढा धोंडा दिला. मी गोफण फिरवली आणि सोडली. पत्र्याला खोक पडली आणि मागं मडक्याचा चुरा. पोरींनी मैदान डोक्यावर घेतलं. मग तिनं दुसरं मडकं ठेवलं, चौकट हातभर पुढं उभी केली, मागून दगडांचा टेका दिला. तो टेका तिनं जसा दिला ना, एक दगड उभा आणि एक आडवा, तो मी त्या दिवशी दिला होता तस्साच. नऊ वर्षांची असताना बघितलेलं तिनं जपून ठेवलं होतं.

तिनं तोच लिंबाएवढा धोंडा पुढं केला. मी तो घेतला नाही. माझ्या पदराच्या गाठीला पेरूएवढा धोंडा होता, सकाळीच निवडून घेतलेला. होय, निवडून घेतलेला. मला ते मडकं फोडायचं होतं. तिचं अंतर, तिच्या पाट्या, तिचं बंगळूर, सगळं त्या पोरींसमोर फुटावं असं वाटत होतं. पोरगी तरी म्हणेल, मावशीचं काही खरं नाही.

मी गोफण दोन फेरे जास्त फिरवली आणि अंगातला सगळा जोर लावून सोडली. पत्र्याचा असा आवाज झाला की कावळे उडाले. पत्रा मागं फुगला, मडक्यापासून चार बोटांवर येऊन थांबला, आणि धोंडा खाली पडला. चौकट हलली, पण पडली नाही. मडकं जागच्या जागी. पोरगी आनंदानं किंचाळली, "वाचलंऽ!"

आणि काय सांगू, मला हसू आलं. दात-ओठ खाऊन मारलं होतं, तरी हसू आलं. तेराव्या वर्षी बोरांच्या नादात जे केलं होतं, ते माझ्याच गोफणीला पुरून उरलं.

बहिणीनं पोरींना सांगितलं, की वर आभाळात नेमकं असंच होत नाही. हा धोंडा फुटला नाही, पत्र्यानं त्याचा जोर खाल्ला. तिथल्या वेगात कणच फुटून जातो. पण मोकळी जागा दोन्हीकडं लागते. मोठ्या बाईंनी विचारलं, "पण ही कल्पना तुम्हाला लहानपणी सुचली, असं ऐकलंय. खरं का?"

बहिणीनं माझ्याकडं बघितलं. मी गोफण गुंडाळत होते. ती बघतच राहिली, आणि सगळ्या पोरी माझ्याकडं बघायला लागल्या. मला कळलं, ती थांबलीय. माझ्यासाठी थांबलीय. तोंड उघडायचं, दोन शब्द बोलायचे. पण मी गोफणीची दोरीच आवळत राहिले. एवढ्या लोकांत पुढचं पण सांगावं लागलं असतं ना, "तिनं" म्हणाले होते ते.

"आमच्या घरची कल्पना आहे," ती शेवटी म्हणाली.

दुपारी ती मोठ्या बाईंकडं जेवायला गेली. मी आबांना वाढलं. आबा जेवता जेवता म्हणाले, "टेका चांगला दिला धाकटीनं. तुझ्यावानी."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"त्या येळंला तिला ती बाज हालतबी नव्हती," आबा म्हणाले. आपल्याशीच बोलल्यासारखं, मोठ्यानं, बहिऱ्या माणसाचं असतं तसं. "बाभळीची बाज. नऊ वर्साची पोर ती कशी वढील? मारल्यावर माझ्या ध्यानात आलं. मंग मी दुसऱ्यांदा इचारलं. ते काय माराया इचारलं न्हवतं. शाबास म्हनाया इचारलं हुतं. तू वरच बघंना."

माझ्या हातात भाकरीची चळत तशीच राहिली.

"म्हणलं, आज न्हाई तर उंद्या म्हनंल. तुजं लगीन हुईपत्तुर वाट बघितली." त्यांनी भाकरी मोडली. "धाकटीला फुकाट मारलं हुतं. मारलेलं परत कसं घ्याचं? मनून तिला शाळा दिली. दोघींना द्यायची ऐपत न्हवती माजी."

मी स्वयंपाकघरात गेले आणि पाणी पिऊन तशीच उभी राहिले. पंचवीस वर्षं मी जिला बक्षीस समजत होते ती एका चापटीची भरपाई होती. आणि ती चापट माझी होती. त्या दिवशी पुढं उभी राहिली ती धाकटी, आणि तिला पुढं मीच केलं होतं. आबांचा पण राग आला मला. एवढं कळत होतं तर हाताला धरून विचारायचं होतं. तेरा वर्षांच्या पोरीला काय कळतं शाबासकी कुठली आणि मार कुठला? पण भांडायचं तर ओरडून भांडावं लागलं असतं, आणि दुकानात गिऱ्हाईक होतं.

पोरगी परसात त्या वाकलेल्या पत्र्याशी बसली होती. हातानं अंतर मोजत होती. मी म्हणाले, "तुला खरंच जायचंय का?"

ती बिचकली. एकदा माझ्याकडं आणि एकदा माझ्या हाताकडं बघितलं. मी तेव्हा घरात लहान-मोठ्या कारणावरून हात उचलायचे, ते कशाला लपवू? ती मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागली. मी खाली बसले, तिची हनुवटी वर केली आणि म्हणाले, "मी मारायला विचारत न्हाई. सांग."

"जायचंय," ती म्हणाली.

"मग जा."

आठवड्यानं दोघी गेल्या. परळीच्या रेल्वे स्टेशनापर्यंत मी गेले नाही, पाटोद्याच्या स्टँडवरूनच परतले. पोरीनं खिडकीत मावशीच्या खांद्यावर डोकं ठेवलेलं दिसलं आणि पुन्हा पोटात दुखलं. ते काही एका दिवसात जात नाही.

आमच्या मालकांनी त्याच वर्षी दुकानाला लागून एसटीडीचं बूथ काढलं होतं. काचेची खोली, बाहेर बाक, आणि बाकावर कायम पाच-सहा माणसं आपल्या नंबराची वाट बघत. दिवाळीच्या आधी एका रविवारी दुपारी पोरीचा फोन आला. मालकांनी हाक मारली, मी पिठाच्या हातानंच पळाले. आबा बाकाच्या टोकाला ऊन खात बसले होते.

लाईनीत खरखर होती. पोरगी सांगत होती, कॉलेज बरं आहे, इंग्रजी कळायला लागलंय. मग म्हणाली, "आई, मावशीनं मला तिच्या ऑफिसात नेलतं. तिथल्या साहेबांनी विचारलं, तुमच्या गावाकडं पत्र्याची युक्ती कुणाची होती. मावशी म्हणाली, ते मी न्हाई सांगणार, हिच्या आईला विचारा. आई, कुणाची होती?"

मी तोंडातल्या तोंडात म्हणाले, "माझी."

"ऐकू येत न्हाई! मोठ्यानं बोल!"

"ती बाज मी लावली होती," मी म्हणाले.

"आई, काहीच ऐकू येईना!"

मग मी ओरडले. काचा हादरतील अशी ओरडले. "ती बाज मी लावली होतीऽ! मी! आणि नाव तिचं सांगितलं! मार तिला बसलाऽ!"

बूथमधून बघितलं तर बाकावरची सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. कुठली बाज आणि कसला मार, त्यांना काय ठाऊक. पलीकडं फोन दुसऱ्या हातात गेला. बहीण हसत होती, का रडत होती, त्या खरखरीत कळेना. "मला कशाला सांगतीस, अक्का?" ती म्हणाली. "चापट मीच खाल्लीय की."

मी फोन ठेवला. रिसिव्हरला सगळं पीठ लागलं होतं, ते पदरानं पुसलं. बाहेर आले तर आबा बाकावरून उठून काचेच्या दाराशी येऊन उभे होते. कान माझ्याकडं केलेला, एका हाताचा आडोसा धरलेला.

"ऐकलं," ते म्हणाले.